चौथे व्हा : नवख्या चिनी राजपुत्रांसाठी काही सूचना

सर्वप्रथम अभिनंदन. तुमचा जन्म बीजिंगच्या निषिद्ध नगरीत झाला आहे, तुमचे वडील छिंग घराण्याचे कांगशी सम्राट आहेत, आणि तुम्ही अजून जिवंत आहात. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड होती.

या पुस्तिकेत सूचनांचे क्रमांक मधूनमधून गळलेले दिसतील. छपाईवाल्याला बोल लावू नका. कांगशींना ३५ मुलगे झाले, क्रमांक मिळाले २४ जणांना. फार लहानपणी गेलेल्यांची गणतीच झाली नाही. दरबार ज्याला ‘थोरले’ म्हणतो ते खरे पाचवे. आधीचे चौघे गेले म्हणून ते पहिले ठरले. आमच्याही काही सूचना अशाच बाळपणी गेल्या.

सूचना १ : आधी तगा

भाऊ जिवावर उठतील, पण त्यांची पाळी नंतर येते. आधी देवी येतात. तुमचे आजोबा शुन्झी सम्राट १६६१ साली ऐन बाविशीत देवींनी गेले. गादीवर कुणाला बसवायचं हा प्रश्न निघाला तेव्हा तुमच्या वडिलांचं पारडं जड झालं ते तोंडावरच्या व्रणांमुळे. या पोराला देवी येऊन गेल्यात, पुन्हा यायच्या नाहीत, तेव्हा हाच बरा. सहा-सात वर्षांच्या मुलाला अख्खा चीन मिळाला तो असा.

म्हणून वडील आपल्या मुलाबाळांना देवी काढून घेतातच. सुई वगैरे काही नसते. देवीच्या वाळलेल्या खपल्यांची पूड करून ती नळीनं नाकात फुंकतात. शिंकू नका.

जिनं जन्म दिला तीच वाढवेल असं धरून चालू नका. चौथ्यांना दुसऱ्याच राणीनं वाढवलं, आठव्यांना थोरल्यांच्या आईनं. आठव्यांची स्वतःची आई महालात राबणाऱ्या दासीवर्गातली. ही गोष्ट आता कुणी बोलत नाही, पण वडील ती मनात धरून आहेत आणि योग्य वेळी चारचौघांत काढतील. वडिलांना हाक मारायची ती ‘हान आमा’. हान म्हणजे खान आणि आमा म्हणजे बाप. मराठी कानाला इथं घोटाळा होतो, सांभाळा.

स्वतःच्या नावाचा फार लोभ धरू नका. सगळ्या भावांची नावं ‘यिन’नं सुरू होतात, आणि लोक तुम्हाला ‘चौथे’, ‘आठवे’, ‘चौदावे’ असंच म्हणणार आहेत. ते ‘यिन’सुद्धा तुमच्याकडे किती दिवस राहील याची खात्री नाही. ते पुढे येईल.

सूचना ५ : शाळा

सहाव्या वर्षी शाळा सुरू, आणि ते सहावंही चिनी हिशेबाचं, म्हणजे जन्मतानाच एक वर्ष धरून. हजेरी पहाटे पाचला. सुटका दुपारी तीनला. सुट्ट्या म्हणाल तर नववर्ष, ड्रॅगन होड्यांचा सण, शरदातली पौर्णिमा, सम्राटांचा वाढदिवस आणि तुमचा स्वतःचा. मे महिन्याची सुट्टी नाही, पाऊस फार म्हणून लवकर सोडलं असला प्रकार नाही.

विषय मांचू, मंगोल आणि चिनी, मग धनुष्यबाण, मग घोडा. वडिलांनी जेझुइट पाद्र्यांकडून युक्लिडची भूमिती शिकून घेतली आहे आणि शिकलेलं मुलांच्या गळी उतरवायची त्यांना हौस आहे. तिसऱ्यांना गणित त्यांनी स्वतः शिकवलं. ग्रंथ पाठ करायची रीत सोपी. एक उतारा १२० वेळा वाचायचा, मग पुढचा घ्यायचा. १६८७ च्या उन्हाळ्यात युवराजांचा अभ्यास कसा चालतो याच्या दरबारी नोंदी आहेत. युवराज बसलेले, गुरुजी उभे. साठी उलटलेल्या एका गुरुजींचा पहाटेपासून उभं राहून डोळा लागायला लागला, तोल जायला लागला. युवराज वाचत राहिले. आकडा पुरा व्हायचा होता.

तुमच्या पुतण्या-नातवंडांच्या काळातही यात फरक पडलेला नाही. झाओ यी नावाचा कवी तेव्हा महालात कारकुनी करायचा. भल्या पहाटे कामावर यावं लागे. अजून मिट्ट काळोख, मंत्र्यांपैकी कुणाचा पत्ता नाही, तो आपला खांबाला टेकून पेंगतोय, आणि तेवढ्यात लोंगझोंग दरवाज्यातून पांढऱ्या झिरझिरीत कापडाचा एक कंदील आत सरकताना दिसे. तो कंदील म्हणजे शाळेला निघालेला राजपुत्र. पुस्तकांवर पोट असलेल्या आमच्यासारख्यांनाही इतक्या लवकर उठवत नाही, आणि ही सोन्याच्या ताटातली पोरं उठतात, याचं त्याला नवल वाटलं. त्यानं ते लिहून ठेवलं म्हणून तो कंदील आपल्यालाही दिसतो.

या शाळेत एकच दोष आहे. तिचा निकाल चांगला लागतो. दीड-दोन डझन मुलगे, सगळे तयार, सगळे तरबेज, आणि बसायला जागा एक.

सूचना ६ : पगार

उत्तम आहे. ‘चिनवांग’ या सर्वांत वरच्या दर्जाला सालिना १०,००० टेल चांदी, शिवाय तांदूळ. पहिल्या श्रेणीच्या मंत्र्याचा मूळ पगार १८० टेल, म्हणजे तुमची एका वर्षाची नेमणूक मिळवायला त्याला ५५ वर्षांहून जास्त राबावं लागेल. बदल्यात एवढंच, की परवानगीशिवाय राजधानी सोडायची नाही. वाडा तुमच्या नावचा नाही, सम्राटांचा आहे, मनात येईल तेव्हा ते परत घेतील. दर्जा पिढीगणिक एक पायरी घसरतो. मोजक्या घराण्यांचाच तेवढा घसरत नाही, त्यांना लोक ‘लोखंडी टोपीवाले’ म्हणतात. लोखंडी टोपी मिळाली तर घ्या. मागू मात्र नका.

सूचना ९ : युवराज होऊ नका

दुसरे, म्हणजे यिनरंग, १६७४ च्या जूनमध्ये जन्मले. त्याच महिन्यात इकडे रायगडावर महाराजांना राज्याभिषेक झाला. यिनरंगांची आई, पट्टराणी, बाळंतपणातच गेली. वडिलांनी सगळी माया त्या पोरावर लावली. दीड वर्षाचं लेकरू, त्याला रीतसर युवराज केलं. १६७८ साली त्याला देवी आल्या तेव्हा सम्राट राज्याचे कागद बाजूला सारून त्याच्या उशाशी बसले होते. यापेक्षा भक्कम सुरुवात कुणाची असणार?

१७०८ साली सम्राट शिकारीच्या दौऱ्यावर असताना अठरावे, सात वर्षांचं पोर, आजारी पडले आणि गेले. युवराजांच्या चेहऱ्यावर दुःख दिसेना. त्यात वडिलांना असंही वाटायला लागलं की हा रात्री आपल्या तंबूच्या फटीतून आत डोकावतो. सगळा लवाजमा गोळा करून त्यांनी युवराजांचे अपराध वाचून दाखवले आणि वाचता वाचता रडत जमिनीवर कोसळले. युवराज बडतर्फ. १७०९ मध्ये पुन्हा नेमणूक. १७१२ मध्ये पुन्हा बडतर्फ, या खेपेला न रडता. उरलेलं आयुष्य कैदेत, १७२५ पर्यंत.

पहिल्या बडतर्फीनंतर थोरल्यांनी वडिलांना सुचवलं, की याला संपवायचं असेल तर आपले हात कशाला विटाळता, मी आहे. असं साहाय्य कधी देऊ करू नये. पाठोपाठ तिसऱ्यांनी खबर दिली की थोरल्यांनी एका मंगोल लामाला धरून युवराजांवर करणी करवली आहे. खणलं तर पुरलेल्या वस्तू निघाल्या. बापाला हायसं वाटलं. पोरगं वाईट नाही, त्याला बाहेरची बाधा झाली होती. हे हायसं वाटणं आपल्याकडच्या आईबापांना समजावून सांगायला नको. थोरल्यांना वाड्यात कोंडलं ते मरेपर्यंत, पाव शतकाहून जास्त.

सूचना १० : लोकांना आवडू नका

आठव्यांसारखा गुणी माणूस सगळ्या भावंडांत नव्हता. १६९८ साली मुलांना पहिल्यांदा दर्जे वाटले त्यांत सगळ्यात धाकटे तेच, सतरा वर्षांचे. बोलणं गोड, वागणं नम्र, विद्वान मंडळी खूश, मंत्री खूश. झांग मिंगदे नावाचा चेहरा पाहून भविष्य सांगणारा एक जण म्हणाला, यांच्या कपाळी फार मोठं भाग्य आहे. थोरल्यांनी ही गोष्ट शिफारस समजून वडिलांच्या कानावर घातली. ज्योतिष्याला हाल करून मारलं.

त्याच प्रकरणातला अटकेचा प्रसंग नवख्यांनी नीट समजून घ्यावा. सम्राट आठव्यांना अटक करायला निघालेत. चौदावे, वय वीस, मधे पडतात आणि उलट बोलतात: आठवे असले नाहीत. सम्राट शस्त्र उपसतात. सगळे थिजलेले. तेवढ्यात पाचवे पुढे होतात, गुडघे टेकतात आणि वडिलांना मिठी मारून अडवतात. चौदाव्यांचा जीव वाचला, फटके वीस पडले. पाचव्यांविषयी इतिहासात फारसं काही सापडत नाही. चांगलं लक्षण आहे.

एवढं झाल्यावर वडिलांनी मंत्र्यांना बोलावून सांगितलं, थोरले सोडून कुणालाही सुचवा, तुम्ही म्हणाल तो युवराज. मंत्री भोळे निघाले. बहुतेकांनी आठव्यांचं नाव दिलं. सम्राट म्हणाले, याला कामाचा अनुभव नाही, नुकताच अपराधात सापडलाय, आणि याची आई हलक्या कुळातली. निवडणूक रद्द. मंत्र्यांमागे चौकशी लागली, कोणी कोणाला सांगून मतं फिरवली त्याची. आठव्यांचा गुन्हा म्हणाल तर मतं मिळाली, हाच.

१७१४ साली आठवे दिवंगत आईच्या वार्षिक विधीसाठी गेले, त्यामुळे वडिलांच्या दौऱ्यावर हजर राहता आलं नाही. चूक भरून काढावी म्हणून दोन ससाणे भेट पाठवले. ससाणे पोचले ते माना टाकलेले, मरायला टेकलेले. साठी उलटलेल्या सम्राटाला मरणोन्मुख ससाणे. वाटेत आजारी पडले की कुणी पाडले यावर लोक अजून वाद घालतात, सम्राटांनी घातला नाही. त्यांनी जाहीर केलं की बापलेकाचं नातं संपलं. जिवंत प्राणी भेट देऊ नये. रेशीम द्यावं.

सूचना १३ : सल्लागार ठेवा, सल्ला घेऊ नका

चौथ्यांच्या, म्हणजे यिनझेन यांच्या पदरी दाई दुओ नावाचा माणूस होता. १७१३ साली, दुसऱ्यांची दुसरी बडतर्फी ताजी असताना, त्यानं मालकांना एक पत्र लिहिलं. या व्यवसायावर याहून नेमकं कुणी लिहिलं असेल असं आम्हाला वाटत नाही. त्याचं म्हणणं असं, की बाप सामान्य असला तर मुलाचं निभतं, बाप हुशार असला की पंचाईत. गुण झाकले तर तो टाकून देतो. गुण दाखवले तर त्याला संशय येतो. तेव्हा भावांशी गोडीनं राहा, गुणी भावाचा हेवा करू नका, बिनगुणी भावाला आधार द्या, वडिलांभोवतीच्या बारीकसारीक माणसांशीही अदबीनं बोला, आणि आपली माणसं हळूहळू जागोजागी पेरा.

खरा धडा चौथ्यांच्या उत्तरात आहे. त्यांनी कळवलं, तुझे बोल सोन्यासारखे आहेत, पण मला त्यांचा काही उपयोग नाही. गादी म्हणजे केवढं कष्टाचं काम, ते कोण अंगावर घेईल. पत्र कुणाच्या हाती पडलं तरी हरकत नाही असं उत्तर. आणि मग चौथे शांतपणे सल्ल्याबरहुकूम वागत राहिले. बौद्ध ग्रंथ वाचले, भिक्षूंची संगत धरली, आपण निरिच्छ गृहस्थ आहोत असं जो भेटेल त्याला वाटू दिलं. वडिलांनी शेती आणि विणकामाचा चित्रसंच काढवला होता. चौथ्यांनी तसाच संच काढवून घेतला, फक्त शेतकऱ्याच्या धडावर आपला चेहरा आणि शेतकरणीच्या धडावर बायकोचा. चिखलात पाय, हातात अवजार, चेहऱ्यावर समाधान. बापाला यापेक्षा काय हवं?

१७२२ च्या डिसेंबरात कांगशी गेले आणि चौथे योंगझेंग सम्राट झाले. लोकांत कुजबुज उठली की मृत्युपत्रात नाव चौदाव्यांचं होतं, ‘दहा’च्या अक्षराला एक फटकारा देऊन ‘चौदा’चं ‘चौथ्याला’ केलं. गोष्ट झकास आहे, पण मृत्युपत्र मांचूतही लिहितात आणि तिथं असा फटकारा चालत नाही. पटत नसेल तर मनात ठेवा, मोठ्यानं बोलू नका.

नवे सम्राट आले, तेव्हा त्यांच्या नावातलं अक्षर दुसऱ्या कुणी वापरायचं नाही. सगळ्या भावांचं ‘यिन’ जाऊन ‘युन’ झालं. आठव्यांना आधी चिनवांग केलं, राज्यकारभारात घेतलं. अभिनंदनाला आलेल्यांना आठव्यांच्या घरचे म्हणाले की यात आनंद कसला, डोकं कधी जाईल सांगता येत नाही. अंदाज बरोबर होता. १७२६ मध्ये आठव्यांचं आणि नवव्यांचं नाव घराण्याच्या वंशावळीतून काढलं, ‘युन’ही काढून घेतलं आणि दोघांना ‘अचिना’ आणि ‘सस्हे’ अशी मांचू नावं चिकटवली. लोक समजतात त्यांचा अर्थ डुक्कर आणि कुत्रा. पंडितांचं त्यावर एकमत नाही, पण कौतुकाची नावं होती असं कुणीच म्हणत नाही. दोघेही त्याच वर्षी कैदेत मेले. चौदाव्यांना वडिलांच्या थडग्याची राखण करायला पाठवलं. चौथे आणि चौदावे एकाच आईचे, हे जाता जाता.

सूचना १७ : रडायला शिका

हा विषय शाळेत शिकवत नाहीत आणि परीक्षेला मात्र हमखास येतो. तिसऱ्यांचं पाहा. हुशार, गणिती, ग्रंथांचे संपादक. १६९९ साली तेराव्यांची आई वारली. सुतकाचे शंभर दिवस डोक्याला वस्तरा लावायचा नसतो. तिसऱ्यांनी लावला. एक दर्जा खाली. इथपर्यंत समजा तारुण्यातला निष्काळजीपणा. १७३० मध्ये स्वतः तेरावे वारले. योंगझेंगांचा सगळ्या भावांत हाच एक जीव की प्राण. तिसरे अंत्यविधीला उशिरा आले, लवकर निघाले आणि चेहऱ्यावर शोक नव्हता, असा आरोप निघाला. पदवी गेली, कैद झाली, दोन वर्षांत मरण आलं. एकाच घरातली दोन सुतकं, ३१ वर्षांच्या अंतरानं, आणि दोन्ही नडली.

तेराव्यांना मेल्यावर ‘यिन’ परत मिळालं. बाकी कुणाला नाही.

सूचना १८ : राजीनामा

देता येतो, पण वेळ काढून ठेवा. याचं उदाहरण आधीच्या मिंग घराण्यातलं आहे. मिंगांची पद्धत वेगळी. राजपुत्राला एखाद्या प्रांतात वाडा देऊन पाठवायचं आणि तिथं आयुष्यभर खायला घालायचं. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, धंदा करायचा नाही, नोकरी नाही. झू झाईयू (जन्म १५३६) यांच्या वडिलांनी सम्राटांना चार खडे बोल सुनावले आणि १५५० साली ते कैदेत गेले. मुलगा वाड्याबाहेर मातीची झोपडी बांधून राहिला, वडील १५६७ मध्ये सुटेपर्यंत. त्या रिकाम्या वर्षांत त्यानं गणित आणि संगीत धरलं आणि पुढे ८१ तारांचा मोठा अबॅकस घेऊन सप्तकाचे बारा सारखे भाग किती अंतरावर पडतात ते काढलं. आज पेटीवर बोट ठेवलं की जे स्वर निघतात ते याच हिशेबाचे. वडील १५९१ मध्ये वारल्यावर पदवी याच्याकडे आली. यानं नको म्हणून अर्ज केला. नामंजूर. असे सात अर्ज, पंधरा वर्षं. मग दरबारानं सोडलं.

सूचना २४ : पेटी

भावांचं काय झालं ते योंगझेंगांना सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं, केलं त्यांनीच होतं. म्हणून १७२३ साली त्यांनी नवी व्यवस्था लावली. वारसाचं नाव लिहून पेटीत बंद करायचं, पेटी छिएनछिंग महालातल्या मोठ्या पाटीमागे उंचावर ठेवायची, आणि सम्राटांचा अंतकाळ आला की उघडायची. आता कुणाला मारायचं तेच राजपुत्रांना कळेना. व्यवस्था नामी होती, पण मुलांना आता रोजच परीक्षा.

डाओग्वांग सम्राटांच्या वेळी चुरस होती ती चौथ्या आणि सहाव्यांत. मुलांना शिकारीला नेलं. सहाव्यांनी सगळ्यांत जास्त जनावरं मारली. चौथ्यांनी एकही बाण सोडला नाही. कारण विचारलं तर म्हणाले, वसंत आहे, जनावरांची वीण चालू आहे, मन होत नाही. हे त्यांना गुरुजींनी पढवून पाठवलं होतं. नेमबाजीत आपला विद्यार्थी सहाव्यांपुढे टिकणार नाही हे गुरुजी जाणून होते. बापाला गहिवर आला. १८५० मध्ये पेटीतून चौथ्यांचं नाव निघालं, तेच शियानफेंग सम्राट. त्याच कागदावर सहाव्यांना चिनवांग करावं असंही लिहिलेलं होतं. सहाव्यांचा वाडा बीजिंगमध्ये आज तिकीट काढून पाहता येतो.

योंगझेंग चौथे. त्यांच्या पेटीतून निघालेले छिएनलोंग, तेही चौथे. आणि हे शियानफेंग, तेही चौथेच. आम्ही नुसतं सांगतो, बाकी तुमचं तुम्ही बघा.

शियानफेंगांनंतर तीन सम्राट झाले आणि तिघांनाही मूल झालं नाही. १८५८ नंतर एकाही छिंग सम्राटाच्या पोटी मुलगा जन्मला नाही, आणि १२ फेब्रुवारी १९१२ रोजी सहा वर्षांच्या पूयींच्या नावानं गादी सोडल्याचा जाहीरनामा निघाला. कृपया अर्ज पाठवू नयेत.